नकाराचा धनी

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेत प्रत्येक रुग्णाला शक्य तो प्रत्येक उपचार मिळू शकत नाही, हे विधान आता फारसे वादाचे राहिलेले नाही. वाद आहे तो त्यापुढच्या प्रश्नांचा, म्हणजे जे कमी पडते ते कोणाच्या वाट्याला कमी पडावे, हे कोणी आणि कोणत्या कसोटीवर ठरवावे, आणि ज्याच्या पदरी नकार येतो त्याला त्या नकाराचे कारण सांगण्याचे बंधन कोणावर असावे, यांचा. उपयोगी पडू शकेल असा उपचार साधनांच्या तुटवड्यामुळे काहींना न देणे, उशिरा देणे किंवा उणा देणे याला आरोग्यनीतीच्या चर्चेत उपचारांचे रेशनिंग म्हणतात. स्वस्त धान्य दुकानाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला रेशनिंग म्हटले की निदान एक शिस्त अपेक्षित असते: कार्ड, ठरलेले दुकान, माणशी ठरलेले किलो आणि फळ्यावर लिहिलेला भाव. उपचारांच्या वाटपात अशी शिस्त जगात थोड्याच ठिकाणी आढळते. बीड जिल्ह्यात ती नाही, आणि नेमक्या याच कारणाने या प्रश्नाचा नैतिक गाभा तपासण्यासाठी बीड हे लंडनपेक्षा अधिक उपयोगी स्थळ ठरते.

लंडनचा उल्लेख अकारण नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेली आणि ‘नाइस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था एखादा उपचार सरकारी खर्चाने द्यावा की नाही याची शिफारस करते, आणि त्यासाठी ‘गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष’ हे एकक वापरते. पूर्ण निरोगी अवस्थेत जगलेले एक वर्ष म्हणजे एक एकक, आणि दुखण्याने वा अपंगत्वाने प्रत घसरलेले वर्ष म्हणजे त्याचा अपूर्णांक. अशा एका एककामागे साधारणतः २० ते ३० हजार पौंडांपर्यंत खर्च येत असेल तर उपचार परवडणारा मानावा, असा दंडक तेथे दीर्घकाळ पाळला गेला. या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ आहेत. वृद्धाच्या वा अपंगाच्या उरलेल्या वर्षांना ती आपोआपच कमी मोल देते, हा त्यांतला सर्वांत गंभीर आहे. तरीही तेथे नकार छापलेला असतो, त्याखाली कारणे असतात, त्यावर अपील करता येते. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील सिएटलचे उदाहरण आहे. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी कृत्रिम मूत्रपिंडाची यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ अशी अवस्था असताना बहुतांशी सामान्य नागरिकांची एक समिती कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवत असे. उत्पन्न, मुलेबाळे, चर्चमधील वावर अशा गोष्टी तिने विचारात घेतल्याचे १९६२ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकातून उघड झाल्यावर मोठा गहजब झाला. त्या समितीच्या कसोट्या ओंगळ होत्या यात शंका नाही, पण निदान टेबलापलीकडे माणसे बसलेली होती आणि त्यांचा निषेध करता येत होता.

बीडमध्ये असे टेबल नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८५ हजार लोकवस्तीच्या आणि अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी उतरंड कागदावर पूर्ण आहे. यांपैकी कोणत्याही पायरीवर ‘तुम्हाला हा उपचार मिळणार नाही’ असे कोणी म्हणत नाही. जे घडते ते निराळ्या भाषेत घडते: आज भूलतज्ज्ञ नाहीत, सोनोग्राफीला नंबर पुढच्या महिन्यातला आहे, औषध बाहेरून आणा, पेशंट पुढे घेऊन जा. ‘पुढे’ म्हणजे बहुधा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो आणि जे आष्टी वा परळीसारख्या तालुक्यांपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. हे प्रत्येक वाक्य वस्तुस्थितीचे निवेदन असते, निर्णयाचे नव्हे. त्यामुळे ते उच्चारणारा कर्मचारी खोटे बोलत नाही आणि ऐकणाऱ्याला भांडायला समोर कोणी उरत नाही. रिक्त पद कोणी ठेवले, यंत्र कोणत्या जिल्ह्याला आधी गेले, रुग्णवाहिकेचे डिझेल कोणत्या लेखाशीर्षात अडकले, हे सारे निर्णय कुठेतरी कोणीतरी घेतलेलेच असतात. पण ते अनेक टेबलांवर, अनेक वर्षांत आणि रुग्णाचा चेहरा समोर नसताना घेतलेले असल्यामुळे त्यांच्या बेरजेतून निघणारा नकार मात्र कोणाच्याही सहीचा नसतो.

सहीविना झालेल्या या वाटपाचे परिणाम काय होतात, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण बीडमधील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे आहे. २०१९ मध्ये ते वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून राज्यापुढे आले. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यामुळे बाईने अंगावरून जाण्याच्या वा पोटदुखीच्या त्रासाने एक दिवस बसून काढला, तरी पूर्ण कोयत्याचा खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीतून कापला जातो. २०१९ च्या वृत्तांतांत हा दंड दिवसाला ५०० रुपयांच्या घरात सांगितला गेला. फडावरच्या कोपीत न्हाणीघर नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही, मोळ्या डोक्यावर वाहणे मात्र रात्री-अपरात्रीही आहे. साध्या जंतुसंसर्गाचे दुखणे जुनाट होण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. अशा बाईला सार्वजनिक व्यवस्थेने द्यायचा उपचार अवघड नव्हता: तपासणी, प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम, पाठपुरावा, फार तर एक सोनोग्राफी. तो महाग नव्हता, पण त्याला वेळ लागत होता आणि पुन्हा पुन्हा यावे लागत होते, आणि नेमकी हीच किंमत तिला परवडणारी नव्हती. खासगी दवाखान्यात एकाच खेपेत कायमचा निकाल मिळत होता: ‘पिशवी काढून टाका.’ पुढे कर्करोग होईल अशी भीती घातल्याच्या तक्रारीही झाल्या.

२०१९ च्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्या होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीच्या काळात झालेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी असल्यामुळे हे आकडे काटेकोरपणे एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत, पण अंतर इतके आहे की ते रीतीच्या फरकाने मिटत नाही. तिशी-पस्तिशीत गर्भाशय, आणि त्याबरोबर अनेकदा अंडाशयेही, गेल्याने हाडे ठिसूळ होणे, अंगातून वाफा येणे, पाठ आणि सांधे धरणे हे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे सोबती होतात, आणि त्यांसाठी लागणारा दीर्घ उपचार पुन्हा त्याच उतरंडीच्या दारात मागावा लागतो.

उपचारांच्या वाटपावरील रूढ तात्त्विक चर्चा या घटनेपुढे थिटी पडते. त्या चर्चेत तुटवडा म्हणजे उपचाराचा अभाव असे गृहीत धरलेले असते: पाच रुग्ण, एक औषध, वाचवायचे कोणाला? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन टॉरेक यांनी १९७७ मध्ये पाच जणांचे प्राण एकाच्या प्राणापेक्षा अधिक मोलाचे का मानावेत, असा चक्रावून टाकणारा प्रश्न विचारला, आणि त्यावर चार दशके निबंध लिहिले गेले. बीडमध्ये तुटवडा अभावाच्या रूपात आलाच नाही. तो अतिरेकाच्या रूपात आला. सार्वजनिक व्यवस्थेने छोटा उपचार न बोलता नाकारला, आणि त्या रिकाम्या जागेत बाजाराने मोठा उपचार विकला. नाकारलेली गोष्ट आणि लादलेली गोष्ट या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात न घेता केवळ लोभी डॉक्टरांवर ठपका ठेवणे सोपे आहे. तो ठपका खोटा नाही, पण अपुरा आहे. लोभ परभणीत आणि पुण्यातही असतो. खाड्याचा दंड मात्र सगळीकडे नसतो. ‘नाइस’च्या धर्तीवर कोणी या स्त्रियांच्या उपचारांचा हिशेब मांडला असता, तरी त्यात सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा खर्च म्हणून धरला गेला असता आणि बाईच्या उचलीतून कापलेले ५०० रुपये कोणत्याच रकान्यात आले नसते. सरकारच्या वहीतून पुसलेला खर्च जेव्हा रुग्णाच्या वहीत जाऊन बसतो, तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्याला काटकसर म्हटले जाते.

उपचार कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हा प्रश्न भारतीय वैद्यकपरंपरेला नवा नाही. चरकसंहितेने रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि अनुपक्रम्य असे वर्ग केले. याप्य म्हणजे जो बरा होत नाही पण उपचाराने आवरून धरता येतो, आणि अनुपक्रम्य म्हणजे ज्यावर उपचार आरंभूच नये. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या पदरी धनहानी आणि अपकीर्ती येते असा इशाराही तेथे आहे. इथवर कसोटी रोगाची आहे, रोग्याची नाही, आणि ती आजच्या ‘निष्फळ उपचार’ या संकल्पनेच्या बरीच जवळ जाते. परंतु विमानस्थानात गुरू शिष्याला दीक्षा देताना जो उपदेश करतो, त्यात रोग्याचीही यादी येते: राजाचा ज्यांच्यावर रोष आहे ते, जे राजाचा द्वेष करतात ते, मरणाच्या दारी पोहोचलेले, आणि पती वा पालक सोबत नसलेली स्त्री, यांना औषध देऊ नये. ग्रंथाने हे लपवलेले नाही, स्पष्ट लिहून ठेवले आहे, आणि म्हणून दोन सहस्रकांनंतरही त्यावर बोट ठेवून ‘हे अन्याय्य आहे’ असे म्हणता येते. आजच्या कोणत्याही शासन निर्णयात एकट्या स्त्रीला उपचार देऊ नये असे वाक्य सापडणार नाही. पण ज्या बाईचा नवरा फडावर आहे, जिच्यासोबत तालुक्याला यायला कोणी नाही आणि जिचे शिधापत्रिकेवरील नाव अद्याप माहेरच्या गावी आहे, तिच्या वाट्याला येणारा अनुभव चरकाच्या त्या यादीपेक्षा फार वेगळा नसतो.

त्याच संहितेत या प्रश्नाला भिडणारा आणखी एक विचार आहे, आणि तो अधिक धीट आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात साथीच्या रोगांनी देशच्या देश ओस का पडतात याची चर्चा करताना गुरू आत्रेय मूळ कारण म्हणून अधर्माकडे बोट दाखवतो, आणि तो अधर्म देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून सुरू होऊन खाली पसरतो असे म्हणतो. त्यावर शिष्य अग्निवेश विचारतो, की माणसाचे आयुष्य ठरलेलेच असते काय? आत्रेयाचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वीचे कर्म आणि आत्ताचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असते. सारेच ठरलेले असते तर औषधांची, पथ्याची आणि वाटेतल्या संकटांपासून स्वतःला जपण्याची कोणालाच गरज उरली नसती. बीडच्या संदर्भात हा युक्तिवाद केवळ पुस्तकी नाही. ‘नशिबात होतं’, ‘बाईच्या जातीचा भोग आहे’ ही वाक्ये दुःख सोसण्यासाठी घराघरांत वापरली जातात, आणि सोसणाऱ्याच्या तोंडी ती आदराने ऐकावीत अशीच आहेत. परंतु जेव्हा नकाराला धनी नसतो तेव्हा तो रिकामा हुद्दा दैवाला मिळतो, आणि प्रशासनाच्या दृष्टीने दैवाइतका सोयीचा अधिकारी दुसरा नाही: त्याची बदली होत नाही, त्याच्यावर चौकशी बसत नाही आणि त्याला माहितीच्या अधिकारात अर्जही करता येत नाही. कर्मसिद्धान्त मुळात जबाबदारीचा सिद्धान्त आहे. जबाबदारी नाहीशी करण्यासाठी त्याचा उपयोग होणे हा त्याचा विपर्यास आहे.

वारकरी परंपरेतून या प्रश्नावर एक वेगळेच उत्तर येते, आणि ते पैठणच्या एकनाथांच्या सर्वपरिचित कथेत आहे. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसते, आणि नाथ देवासाठी राखलेले ते पाणी त्याच्या तोंडात ओततात. आधुनिक जैवनीतिशास्त्रात ज्याला ‘वाचवण्याचा दंडक’ म्हणतात, म्हणजे समोर मरणारा जीव दिसत असताना हिशेब बाजूला ठेवून त्याला वाचवण्याची ऊर्मी, तिचे इतके निर्मळ चित्र क्वचितच सापडेल. अर्थतज्ज्ञ या ऊर्मीवर टीका करतात, कारण ती चेहरा दिसणाऱ्याला देते आणि न दिसणाऱ्याचे काढून घेते. एका बालकाच्या दुर्मीळ आजारासाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि अतिसाराने जाणारी शंभर बालके आकड्यांत राहतात. ही टीका नाथांना लागू पडत नाही. कावड त्यांची होती, पायपीट त्यांची होती, पुण्य गेलेच असते तर त्यांचे गेले असते. जिल्हा शल्यचिकित्सकाची कावड त्याची स्वतःची नसते. इस्लामी परंपरेत बैतुल-माल, म्हणजे सार्वजनिक कोष, ही अमानत मानली जाते, आणि अमानतीचा राखणदार स्वतःच्या औदार्याने ती वाटू शकत नाही. शतकानुशतके दोन्ही धर्मांच्या सहवासात वाढलेल्या आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या बीडला ही कल्पना परकी नाही. दान करणाऱ्याला करुणा पुरते. विश्वस्ताला करुणेबरोबर हिशेबही द्यावा लागतो, आणि समोरच्या गाढवाला पाणी देताना वाटेत पुढे किती गाढवे आहेत हे विचारावे लागते. मात्र याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे: पुढची गाढवे मोजण्याच्या नावाखाली समोरच्याला पाणी न देणारा, आणि मग कावडही कुठेतरी सांडून येणारा विश्वस्त, हा दात्यापेक्षा वरचा ठरत नाही.

न्यायालयांनी हा पेच वेगवेगळ्या प्रकारे हाताळला. पश्चिम बंगालमध्ये १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट वा सोय नाही म्हणून परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरवला आणि तातडीच्या उपचारांच्या बाबतीत पैशाच्या अडचणीची सबब राज्याला सांगता येणार नाही असे म्हटले. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयापुढे डर्बनच्या थियागराज सूब्रामनी यांचे प्रकरण आले. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या या गृहस्थांना सरकारी रुग्णालयाने डायलिसिस नाकारले होते, कारण तेथे यंत्रे अपुरी होती आणि ज्यांचे मूत्रपिंड सावरू शकते किंवा ज्यांच्यावर प्रत्यारोपण होऊ शकते अशांनाच ती द्यायची असा लिखित नियम होता. न्यायालयाने नियम वाजवी आणि सर्वांना सारखा लागू केलेला आहे असे म्हणून त्यांची मागणी फेटाळली. थोड्याच दिवसांत ते वारले. पहिल्या निकालाने मन भरते आणि दुसऱ्याने जड होते. तरीही नीट पाहिले तर सूब्रामनींना जे मिळाले ते हकीम शेखना १९९२ च्या त्या रात्री मिळाले नव्हते: एक नियम, त्यामागचे कारण, तो नियम तपासणारे न्यायासन, आणि त्यांचे नाव घेऊन दिलेले उत्तर. कोलकात्यात खाट नव्हती. का नव्हती आणि ती कोणासाठी राखलेली होती, हे सांगायला मात्र कोणीही बांधील नव्हते. पुढे २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गोशे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या बालकासाठी महागडी उपचारपद्धती पुरवण्याचा आदेश देताना जीविताचा हक्क आणि अपुरी साधने यांतला हा ताण मान्य केला, पण न्यायालयापर्यंत पोहोचलेल्याला मिळते आणि न पोहोचलेल्याला मिळत नाही, ही विषमता कोणताही एक निकाल दूर करू शकत नाही. बीडमधल्या वडवणीहून उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंतची वाट घाटीच्या वाटेहूनही लांब आहे.

वाटप केवळ रुग्णारुग्णांत होत नाही, प्रदेशाप्रदेशांत आणि उपचाराच्या पातळ्यांमध्येही होते, आणि महाराष्ट्राकडे यासाठी स्वतःची परिभाषा आहे. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याच्या सरासरीच्या मानाने कोणता जिल्हा किती मागे आहे हे क्षेत्रवार मोजले, त्या तुटीला ‘अनुशेष’ म्हटले, आणि त्यात आरोग्यही होते. १९९४ मध्ये आलेली आणि एप्रिल २०२० मध्ये मुदत संपलेली वैधानिक विकास मंडळे त्याच विचारातून निघाली. अनुशेषाची कल्पना नैतिकदृष्ट्या मोलाची आहे, कारण ती नकाराला निदान आकड्यात बांधते. पण तिची मर्यादाही तेवढीच ठळक आहे: ती सरासरीपासूनचे अंतर मोजते, गरजेपासूनचे नव्हे. ज्या जिल्ह्यातील माणसे वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर असतात, तेथील खाटांचा अनुशेष शून्यावर आला तरी फडावरच्या बाईच्या हाती त्यातले काही पडत नाही.

दुसरा, अधिक बोचरा मुद्दा महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाशी जोडलेला आहे. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभा वाटपाचा होता: महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि सरकार तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते, तर खेड्यातील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाला उरतेच काय? राज्याची मुख्य आरोग्य योजना आज त्यांच्याच नावाने चालते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, २०१३ मध्ये राज्यभर पसरलेली आणि २०१७ मध्ये फुल्यांचे नाव मिळालेली ही योजना प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आणि ९७१ उपचारांपुरती होती. २०२३ च्या निर्णयाने ती मर्यादा पाच लाखांवर आणि उपचारांची संख्या १,३५६ वर गेली. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत बीडचा समावेश असल्याने येथील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही ती आधीपासून लागू होती. हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगावरील उपचार यांमुळे देशोधडीला लागणारी अनेक कुटुंबे या योजनेने सावरली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु योजनेची यादी मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करायच्या प्रक्रियांची आहे. जंतुसंसर्गासाठी तीनदा तपासणीला येणे, रक्तक्षयावर सहा महिने गोळ्या घेणे, पाळीच्या तक्रारींवर न कापता उपचार करून पाहणे, यांना त्या यादीत स्थान नाही. फुल्यांचा १८८२ चा प्रश्न शब्द बदलून त्यांच्याच नावाच्या योजनेला विचारता येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क करण्यात आले, आणि तो निर्णय स्वागतार्हच होता, पण वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालये त्याच्या कक्षेत नव्हती. त्यामुळे त्याच जिल्ह्यात बीडच्या खिडकीवरचा नियम एक आणि अंबाजोगाईच्या खिडकीवरचा दुसरा, आणि या फरकाचे कारण रुग्णाच्या आजारात नव्हे तर मंत्रालयातील विभागवाटपात शोधावे लागते.

उघड वाटपाच्या मागणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. गिडो कॅलाब्रेसी आणि फिलिप बॉबिट यांनी १९७८ मध्ये ‘ट्रॅजिक चॉइसेस’ या ग्रंथात असे मांडले की जिवाचे मोल ठरवणारे निर्णय समाज मुद्दाम धूसर ठेवतो, कारण ते उघडपणे घेतले तर ‘प्रत्येक जीव अनमोल आहे’ ही ज्या श्रद्धेवर समाज उभा आहे तीच पोखरली जाते. असे म्हणता येईल की भूलतज्ज्ञ नसल्याचे सांगणारी परिचारिका त्या श्रद्धेचेच रक्षण करत असते. तिने ‘तुमच्यावर खर्च करणे राज्याला परवडत नाही’ असे म्हणायला सुरुवात केली तर रुग्णाचा अपमान आणि राज्याचा निर्लज्जपणा दोन्ही वाढतील. आक्षेपात तथ्य आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो: धूसरपणाची झळ सर्वांना सारखी बसते. बीडमध्ये तसे होत नाही. ज्याची ओळख आहे, ज्याच्या खिशात आमदाराच्या कार्यालयातून आलेला फोन आहे, ज्याच्याकडे पुण्याला जायला गाडी आहे, त्याच्यासाठी तो धूसरपणा पारदर्शक असतो. तो त्यातून वाट काढतो. श्रद्धेच्या रक्षणाची किंमत ज्यांना वाट दिसत नाही तेच भरतात. शिवाय उघड क्रम लोकांना सोसतच नाही, हेही अनुभवाला धरून नाही. २०२१ मध्ये कोविडची लस देताना आधी आरोग्य कर्मचारी, मग साठीच्या पुढचे आणि ४५ च्या पुढचे सहव्याधी असलेले, आणि मग बाकीचे, असा क्रम जाहीर झाला, त्याचे कारण सांगितले गेले, आणि तरुणाने आजीला पुढे जाऊ दिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेले गेले, तेव्हा मात्र देश हादरला. तेथे कोणताही क्रम ठरलेला नव्हता, वाहने नव्हती एवढेच उत्तर होते.

नकार स्पष्ट करण्याचा अर्थ नकाराची संख्या वाढवणे असा होत नाही. उलट, ज्याला सही करावी लागते तो सहीपूर्वी थांबतो. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हा निर्णय या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत लक्षवेधी आहे, कारण जिल्ह्याच्या उपचारव्यवस्थेत प्रथमच नकाराला एक खुर्ची मिळाली आणि अर्जाला होकार वा नकार लिहून देणे कोणाचे तरी काम झाले. पण खुर्ची एकाच बाजूला ठेवली गेली. शस्त्रक्रिया नको, असे लिहिणारा अधिकारी नेमला गेला. मग काय द्यायचे, आणि ते फडावर, हंगामाच्या मधोमध, खाडा न पडता कसे पोहोचवायचे, याचे उत्तर लेखी देण्याचे बंधन त्याच सहीखाली आले नाही. ऊसतोडीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी करण्याच्या सूचना निघाल्या, परंतु तपासणीत जे सापडेल त्याचा उपचार कोणत्या जिल्ह्याच्या, कोणत्या विभागाच्या आणि कोणत्या कारखान्याच्या खर्चाने होईल, हे ठरल्याखेरीज तपासणी म्हणजे दुखण्याची नोंद तेवढी होते. साखर कारखाना, मुकादम आणि राज्य या तिघांपैकी खाड्याची रक्कम कोणी सोसावी, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नाही, म्हणून तो वैद्यकीय वाटपाचा प्रश्नच नाही असे मानले जाते. ज्या बाईला परवानगी नाकारली गेली आहे आणि जिचा कोयता उद्या सकाळी उसात उभा असला पाहिजे, तिच्यापुरता मात्र तोच एक प्रश्न शिल्लक आहे, आणि त्याखाली अद्याप कोणाचीही सही नाही.